धनाग्र ऋण कसं असेल, मॅडम?

परवा बारावीच्या केमिस्ट्रीच्या वर्गात डॅनियल सेलची, म्हणजे जस्त आणि तांबं वापरून वीज देणाऱ्या साध्या सेलची, आकृती काढत होते. जस्त डावीकडे, तांबं उजवीकडे, मधे सॉल्ट ब्रिजचा, म्हणजे दोन द्रावणं जोडणाऱ्या क्षाराच्या पुलाचा, तो उलटा यू, वर तार, तारेत व्होल्टमीटर, सगळं दरवर्षीसारखं. जस्ताच्या पट्टीखाली ॲनोड लिहिलं आणि शेजारी वजाचं चिन्ह काढलं तर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी हजेरीला सुद्धा पुटपुटल्यासारखं 'यस मॅडम' म्हणणारी पोरगी. म्हणाली, "मॅडम, ॲनोड म्हणजे धनाग्र ना? मग धनाग्र ऋण कसं असेल?"

वर्ग हसला. मी पण हसले आणि गेली कित्येक वर्षं जे उत्तर देत आले तेच तिच्या हातावर ठेवलं: "अगं ते शाळेतलं, इलेक्ट्रोलिसिसचं. इथे उलटं असतं. पाठ करून टाक." ती बसली, वहीत 'इथे उलटं' असं लिहिलं आणि त्याला चौकोन पण केला.

तो चौकोन बघितला आणि मला कसंतरीच झालं. म्हणजे बघा, पोरीनं शब्दाचा अर्थ लावला, आकृतीतलं चिन्ह बघितलं, दोन्ही जुळत नाहीत हे तिला दिसलं आणि वर्गासमोर उभं राहून तिनं ते विचारलं. यापेक्षा जास्त काय करायचं विद्यार्थ्यानं? आणि मी काय केलं, तर तिची शंका हसण्यावारी नेऊन तिला एक पाठांतर दिलं. त्या रात्री बसून मी गेल्या वर्षाच्या चाचणीचे पेपर परत काढले (आमच्याकडे गठ्ठे वर्षभर ठेवावे लागतात, त्याचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला) आणि या धड्यात पोरं नेमकं कुठे कुठे आपटतात ते बघत बसले. बघता बघता लक्षात आलं की यातल्या निम्म्याअधिक चुका पोरांच्या नाहीतच, आम्ही शिकवलेलंच ती इमानदारीनं लिहितायत.

धनाग्रापासूनच घ्या. आमच्याकडे येणारी बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. शाळेत विद्युत अपघटन (तेच इलेक्ट्रोलिसिस, द्रावणात बाहेरून वीज सोडून रासायनिक बदल घडवणं) शिकताना त्यांना पहिल्यांदा ॲनोड भेटतो तो बॅटरीच्या अधिक टोकाला जोडलेला. म्हणून तो धनाग्र, धन टोक. दुसरं ते ऋणाग्र. शब्द ऐकला की अर्थ कळतो, पाठ करायला लागत नाही, इतका चांगला शब्द. आणि त्याचं दुखणं पण तेच की तो फार चांगला आहे, चिन्ह त्याच्या नावातच कोरलेलं आहे. अकरावीला सगळं इंग्रजीत सुरू होतं तेव्हा मूल मनातल्या मनात ॲनोड बरोबर धनाग्र असं भाषांतर करतं, आणि बारावीला आपण सांगतो की सेलमध्ये ॲनोड निगेटिव्ह. म्हणजे धन टोक ऋण. कोणत्याही शहाण्या माणसाला हे खटकायलाच पाहिजे. ज्यांना खटकत नाही त्यांची खरं तर काळजी करायला हवी.

गंमत अशी की ज्या माणसानं हा शब्द आणला त्याला त्यात चिन्ह नकोच होतं. मायकल फॅरडेनं १८३४ मध्ये हे शब्द छापले. त्याच्या आधी लोक पोल म्हणायचे, पॉझिटिव्ह पोल आणि निगेटिव्ह पोल, आणि तेच फॅरडेला पटत नव्हतं, कारण पोल म्हटलं की लोहचुंबकासारखं ते टोक आयनांना, म्हणजे द्रावणातल्या भारित कणांना, ओढून घेतं असं वाटतं. वीज म्हणजे नेमकं काय वाहतं हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, इलेक्ट्रॉन सापडायला अजून ६३ वर्षं होती, थॉमसनचं ते काम १८९७ चं. म्हणून फॅरडेला असे शब्द हवे होते की उद्या विजेबद्दलच्या कल्पना बदलल्या तरी शब्द मोडायला नकोत. त्यानं केंब्रिजच्या विल्यम व्हेवेलला पत्र लिहिलं आणि व्हेवेलनं ग्रीकमधून ॲनोड आणि कॅथोड सुचवले. ॲनोड म्हणजे वर चढायची वाट, कॅथोड म्हणजे खाली उतरायची. वर आणि खाली कुठून आलं, तर सूर्यावरून. पृथ्वीचं चुंबकत्व पृथ्वीभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरणाऱ्या करंटमुळे आहे असं समजायचं, आणि आपला सेल त्या दिशेनं मांडायचा, मग करंट जिथून द्रावणात शिरतो ती सूर्य उगवायची बाजू आणि जिथून बाहेर पडतो ती मावळायची.

हे वाचलं तेव्हा मला एकदम आमची आजी आठवली. ती कधी पूर्व-पश्चिम म्हणायची नाही. "उगवतीच्या अंगाला बांध आहे", "मावळतीच्या दारानं जा" असंच. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून असंच बोलतात. म्हणजे फॅरडेच्या मनातलं नाव आपल्याकडे आयतं होतं: उगवतीचं टोक आणि मावळतीचं टोक.

आता हे लावून बघा. डॅनियल सेलमध्ये करंट, म्हणजे फिजिक्सवाल्या सरांचा करंट, अधिककडून वजाकडे जाणारा, बाहेरच्या तारेतून तांब्याकडून जस्ताकडे येतो आणि जस्तातून द्रावणात शिरतो. जस्त उगवतीचं, ॲनोड. आता इलेक्ट्रोलिसिस घ्या, बॅटरीच्या अधिक टोकातून निघालेला करंट ज्या कांडीतून द्रावणात शिरतो ती उगवतीची, ॲनोड. दोन्हीकडे एकच व्याख्या, काहीच उलटं नाही! उलटं झालं ते फक्त चिन्ह, कारण एकीकडे सेल स्वतः करंट ढकलतोय आणि दुसरीकडे बाहेरची बॅटरी त्याला ढकलतेय. आणि ऑक्सिडेशन, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडून देणं, दोन्ही वेळेला तिथेच होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि त्या मुलीला आधी सांगितलं की काल तुझं बरोबर होतं, मी टाळाटाळ केली. मग हे उगवती-मावळतीचं सांगितलं. तिनं चौकोनातलं 'इथे उलटं' खोडलं नाही, त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं फक्त. मला ते जास्त आवडलं.

मराठी शब्द करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाहीये हां. विद्युत अपघटनापुरता तो शब्द चोख आहे. आणि कोणी म्हणेल की बघा, म्हणून इंग्रजी माध्यम बरं, तर तसंही काही नाही. सेमी-इंग्रजीवाल्यांना धनाग्राचा त्रास नसतो पण त्यांना लोन असतं. लोन म्हणजे लेफ्ट, ऑक्सिडेशन, ॲनोड, निगेटिव्ह, यांची पहिली अक्षरं. क्लासमध्ये सगळीकडे हेच शिकवतात, मी पण शिकवलंय, सीईटीला पोरांचे दहा सेकंद वाचतात म्हणून. एका वर्षी एक पोरगा म्हणाला होता, "मॅडम, ऋण म्हणजे पण लोनच की!" त्याला पैकीच्या पैकी. पण या लोनचं व्याज फार जबर आहे. लेफ्ट! डावीकडे असणं हा जस्ताचा गुण आहे असं पोरांच्या डोक्यात बसतं. आकृतीत तांबं डावीकडे काढून दिलं तर अर्धा वर्ग तांब्याचं ऑक्सिडेशन करून मोकळा होतो. पेपरात मी एकदा मुद्दाम तसं दिलं होतं तर नंतर स्टाफरूममध्ये मलाच ऐकवलं की असं फसवायचं नसतं. फसवलं कुठे, बीकर सरकवला फक्त!

यंदा मी काय केलं, सेल प्रॅक्टिकलच्या मोठ्या टेबलावर मधोमध मांडला आणि पोरांना टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभं केलं. विचारलं, ॲनोड कुठला? या बाजूचे म्हणाले जस्त, डावीकडचा. त्या बाजूच्यांच्या डावीकडे तांबं. एक क्षण शांतता आणि मग जो काय गोंधळ उडाला, "मॅडम त्यांचं चुकलं, ते उलट्या बाजूला उभे आहेत" असं एक जण अगदी मनापासून म्हणाला. मग त्यालाच मी पलीकडे पाठवलं. चालत जाताना अर्ध्या वाटेतच तो हसायला लागला, बोलायची गरजच पडली नाही. मल्टिमीटरचे लाल-काळे पिन उलटे लावले की आकडा वजा दाखवतो तेव्हा पण हेच होतं, "सेल उलटा चालायला लागला" म्हणतात. अरे सेलला काय माहीत तू कुठला पिन कुठे लावलास.

आता माझी फजिती सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सॉल्ट ब्रिज. आम्ही आगर-आगर म्हणजे चायना ग्रासची नळी वगैरे भानगडीत पडत नाही, फिल्टर पेपरची पट्टी पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून दोन बीकरवर टाकतो, काम होतं. पुस्तकातला आकडा १.१० व्होल्टचा (तांब्याचे ०.३४, जस्ताचे वजा ०.७६), आमच्याकडे त्याच्या थोडा खालीच येतो. तर पट्टी उचलली की आकडा भरकटतो आणि जातो. यावर मागच्या बाकावरच्या एकानं सिद्धांत मांडला: इलेक्ट्रॉन जस्तातून तारेनं तांब्याकडे जातात आणि पुलावरून पोहत परत येतात, पूल काढला की वाट तुटली, म्हणून आकडा गेला. बघा हं, तर्कात काहीच खोट नाही. सर्किट पूर्ण व्हायला पाहिजे हे आम्हीच सांगितलं, तारेत इलेक्ट्रॉन वाहतात हे पण आम्हीच, आणि त्यात शब्द कोणता दिला, तर पूल! पुलावरून तेच जाणार ना जे रस्त्यावरून येतंय.

मी जोशात आले. म्हणलं, "ठीक आहे, पुलावरून इलेक्ट्रॉनच जात असतील तर पट्टीऐवजी तांब्याची तार टाकू. इलेक्ट्रॉनसाठी तारेसारखी वाट नाही. बघ आता आकडा शून्य येतो की नाही." तारेचं एक टोक या बीकरमध्ये, एक त्या बीकरमध्ये. आकडा आला एका व्होल्टला जरा कमी. वर्गानं बाकं बडवली. तो पोरगा हात जोडून चहूकडे नमस्कार करतोय आणि मी मल्टिमीटरकडे बघत उभी, तोंडाला कोरड. बेल वाजली म्हणून वाचले.

घरी येईपर्यंत स्कूटरवर डोक्यात तेच. आणि मग उलगडलं आणि स्वतःचंच हसू आलं. झिंक सल्फेटच्या बीकरमध्ये आता काय होतं? एक जस्ताची पट्टी आणि एक तांब्याची तार. म्हणजे लिंबात खिळा आणि तांब्याचा तुकडा खुपसतात तोच सेल मी स्वतःच्या हातानं बनवला होता! दुसऱ्या बीकरमध्ये तांब्याच्या द्रावणात दोन्हीकडे तांबंच, तिथे फरक शून्य. आकडा आला तो पहिल्या बीकरचा. मल्टिमीटर इतका कमी करंट ओढतो की कसलाही सेल त्याला ऐटीत आकडा दाखवतो, खरी परीक्षा लोड लावल्यावर, म्हणजे सेलकडून खरोखर करंट ओढल्यावर. दुसऱ्या दिवशी एक किलोओहमचा रेझिस्टर लावला. पेपरची पट्टी असताना आकडा खाली आला पण एका जागी टिकला, तार असताना घसरत घसरत गेला. का? तारेचं टोक झिंक सल्फेटमध्ये आहे, तिथपर्यंत इलेक्ट्रॉन आरामात आले, पण पुढे काय? इलेक्ट्रॉन पाण्यात उडी मारत नाही. काठावर त्याला कोणीतरी घ्यायला यावं लागतं. तांब्याच्या बीकरमध्ये कॉपरचे आयन हात पसरून उभेच असतात, इथे कॉपर नाही, जस्ताचे आयन सहजासहजी घेत नाहीत, थोडाफार विरघळलेला ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे आयन तेवढे. म्हणून करंट रडतखडत.

हा काठाचा मुद्दा मी इतकी वर्षं शिकवलाच नव्हता नीट. तारेत इलेक्ट्रॉन, द्रावणात आयन, आणि दोघांच्या मधल्या सीमेवर रिॲक्शन, तिथे एकाकडचा भार दुसऱ्याच्या अंगावर जातो. पुलावर काय चालू असतं तर बीकरांचा हिशोब. दर दोन इलेक्ट्रॉनमागे जस्ताच्या बाजूला एक झिंक आयन जास्तीचा होतो आणि तांब्याच्या बाजूला एक सल्फेट बेवारस राहतो, त्याचा कॉपर पट्टीवर जाऊन बसला. हा हिशोब जुळवायला पट्टीतून नायट्रेट जस्ताकडे सरकतात आणि पोटॅशियम तांब्याकडे. हे झालं नाही तर दोन्ही बीकरमध्ये भार साचून गाडी जागच्या जागी थांबते. त्या पोराला मी सांगितलं की तुझं चूक होतं पण तुझ्यामुळे मला कळलं. तो म्हणाला, "मग मार्क?" 

त्याच दिवशी त्यानंच अजून एक बॉम्ब टाकला. कॉपरचा आयन धन, तांब्याची पट्टी पण धन, मग धन आयन धन पट्टीकडे जाईलच कशाला? याचं उत्तर मला विचारपूर्वक द्यावं लागलं. पट्टीवरचं ते अधिकचं चिन्ह जस्ताच्या पट्टीच्या तुलनेत आहे, तारेतून बघितल्यावरचं. द्रावणातल्या आयनाला ते पाटीसारखं दिसत नाही. त्याच्या लेखी काय घडतंय, तर पट्टीला चिकटलेल्या थरातले कॉपर आयन एकेक करून पट्टीवर जाऊन संपतायत, तिथे धन भाराची चणचण झाली, म्हणून मागचे पुढे सरकतायत. रेशन दुकानाची रांग पुढे सरकते ती काही दुकानदार ओढतो म्हणून नाही. फॅरडेला पोल शब्द का नको होता ते मला तेव्हा खऱ्या अर्थानं कळलं, इतक्या वर्षांनी, एका मागच्या बाकावरच्या पोरामुळे.

पोटेन्शियलचे आकडे, म्हणजे ते ०.३४ आणि वजा ०.७६ सारखे, हा अजून एक घाट. हे सगळे हायड्रोजनला शून्य धरून मोजलेले, तर हायड्रोजनचं शून्य म्हणजे हायड्रोजनमध्ये काही दमच नाही असं मुलं धरून चालतात. आणि इक्वेशनला दोननं गुणलं की पोटेन्शियलला पण दोननं गुणतात, सिल्व्हरचा सेल आला की हमखास. इथे मात्र मला आमच्या अकोले तालुक्याचा फायदा मिळतो. कळसूबाई १६४६ मीटर, नवरात्रात निम्मा वर्ग जाऊन येतो. मी विचारते, १६४६ कुठून मोजलं? समुद्रसपाटीपासून. समुद्रसपाटी शून्य म्हणजे समुद्राला खोली नाही का? हसतात. बारी गावापासून मोजलं असतं तर आकडा वेगळा आला असता, पण दोन शिखरांमधला फरक तोच राहिला असता, आणि सेलला कामाचा असतो तो फरकच. मग पुढचा प्रश्न: दोघं जण कळसूबाई चढले तर कळसूबाई ३२९२ मीटरची होते का? नाही. पण घाम दुप्पट गाळला जातो. उंची म्हणजे व्होल्ट, घाम म्हणजे एनर्जी. इलेक्ट्रॉन किती जण चढले-उतरले त्यावर एनर्जी बदलते, उंची नाही. हे एकदा सांगितलं की गुणायची चूक बऱ्यापैकी कमी होते, सगळ्यांची नाही, काहींचा हात आपोआप दोन लिहून जातोच.

पेपरात बाकी बरीच करमणूक असते. इलेक्ट्रोप्लेटिंगचं उदाहरण द्या म्हटलं तर एकीनं कल्हई लिहिली होती. मी फुली मारली आणि मग वाटलं, अगं तिनं कल्हईवाला बघितलाय तरी! भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं पुसत न्यायचं. धातूवर धातूचा थर चढतोय हे तिला बरोबर दिसलं, पण करंट कुठे आहे? सगळं काम भट्टीचं, कथील वितळतं आणि धरतं. नवसागर पृष्ठभाग साफ करतो. तोच नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, टॉर्चच्या जुन्या सेलमध्ये काळ्या लगद्यात असतो, लहानपणी सेल फोडून आम्ही मधली कार्बनची कांडी काढायचो आणि भिंतीवर लिहायचो. त्या सेलचा जस्ताचा डबा म्हणजे ॲनोड, आणि तो वजा टोक, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

लिंबाच्या सेलचं पण तसंच. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी एक तरी स्टॉल, 'लिंबापासून वीज'. दोन-तीन लिंबं एकामागे एक जोडली की लाल एलईडी मिणमिणतो, आणि पोरगं ठणकावून सांगतं की लिंबात वीज असते. अरे लिंबू फक्त आंबट पाणी पुरवतंय, एनर्जी येतेय जस्तातून, खिळ्यावरच्या जस्ताच्या मुलाम्यातून. महिनाभर ठेवलास तर झिजेल कोण? खिळा. आणि 'बॅटरी संपली म्हणजे आतले इलेक्ट्रॉन संपले' हे तर मोठी माणसं पण म्हणतात, माझ्या घरात पण म्हणतात. जितके एका टोकातून जातात तितकेच दुसऱ्यातून परत येतात, इलेक्ट्रॉन काय संपतायत. संपतं ते रिॲक्शनचं सामान.

एक चूक मात्र अशी आहे की ती बघून मला मुलांबद्दल आदरच वाटतो. मिठाच्या पाण्यात करंट सोडला की करंट मीठ फोडून आयन बनवतो, असं बरीच जण लिहितात. चूक आहे, मीठ विरघळलं तेव्हाच आयन सुटे झाले, करंट यायच्या आधी. पण एकोणिसाव्या शतकात मोठमोठे लोक पण असंच मानायचे, स्वतः फॅरडे सुद्धा, आणि इलेक्ट्रोलिसिस या शब्दाचा अर्थच मुळी विजेनं सोडवणं. स्वांते अर्‍हेनियसनं १८८४ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाला पीएचडीच्या प्रबंधात उलटं मांडायला सुरुवात केली तर परीक्षकांनी त्याला इतका खालचा दर्जा दिला की नोकरीचे वांधे. त्याच कामाला १९०३ चं नोबेल मिळालं. आता जी गोष्ट पचायला उप्सालाच्या प्रोफेसरांना इतकी वर्षं लागली ती आमच्या पोरांनी ४० मिनिटांच्या तासात पचवावी अशी आमची अपेक्षा, त्यात पाच मिनिटं हजेरीची.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. ऑस्ट्रेलियात गार्नेट आणि ट्रेगस्ट या दोघांनी बारावीच्याच मुलांच्या मुलाखती घेऊन १९९२ मध्ये जे छापलं त्यात पण इलेक्ट्रॉन द्रावणातून जातात हेच सापडलं होतं. आणि अमेरिकेत सँगर आणि ग्रीनबो यांनी १९९९ मध्ये मुलांना सोडून कॉलेजची पुस्तकंच तपासायला घेतली, की या गैरसमजुती येतात कुठून. हे मला फार आवडलं. कोणीतरी एकदाचं पोराचा कान सोडून पुस्तकाचा धरला. त्यात ॲनोड दरवेळी डावीकडेच काढायची सवय पण त्यांनी पकडली होती. म्हणजे आमचं लोन साता समुद्रापलीकडे पण थकलेलंच आहे.

तर शेवटच्या तासाला मी इन्व्हर्टरची बॅटरी घेतली, कारण ती प्रत्येकाच्या घरात असते आणि पावसाळ्यात लाईट गेली की तिची आठवण येते. लेड-ॲसिड, सहा सेल, प्रत्येकी साधारण दोन व्होल्ट, म्हणून बारा. लाईट गेल्यावर ती करंट देते तेव्हा शिशाची पट्टी ॲनोड, टर्मिनल काळं, वजा. लेड डायऑक्साइडची पट्टी कॅथोड, टर्मिनल लाल, अधिक. आता लाईट आली, चार्जिंग सुरू झालं, सगळं उलटं वाहायला लागलं. लाल टर्मिनल लालच राहतं, अधिकचं अधिकच. पण आता ऑक्सिडेशन लाल बाजूच्या पट्टीवर होतंय, लेड सल्फेटचं परत लेड डायऑक्साइड बनतंय, म्हणजे ॲनोड ती झाली. चिन्ह जागेवर, नावं इकडची तिकडे.

तिसऱ्या बाकावरची ती मुलगी वहीत काहीतरी करत होती. मान वर करून म्हणाली, "म्हणजे मॅडम, चार्जिंग करताना धनाग्र धनच असतं. लाईट गेली की ऋण होतं." मी म्हणलं, हो, अगदी असंच. शाळेतला शब्द लाईट असेपर्यंत बरोबर आहे. बोलून गेले आणि मग मलाच हसू आलं.

मागून आमचे सिद्धांतवाले उठले. "मॅडम, मोबाईल चार्जिंगला लावून गेम खेळत असलो तर मग ॲनोड कुठला?"

आता मोबाईलच्या बॅटरीवाले लोक ग्राफाइटच्या, म्हणजे वजा, बाजूला कायमच ॲनोड म्हणतात, चार्जिंग असो नसो, धंद्यातली सोय म्हणून, पण ते सांगून मी पळवाट काढली असती आणि पळवाटांचं मी हल्लीच बंद केलंय. म्हणून सांगितलं की त्या क्षणी बॅटरीत करंट शिरतोय की बाहेर पडतोय ते बघायचं. चार्जर फोनचं भागवून उरलेला बॅटरीला देत असेल तर चार्जिंगचा ॲनोड, आणि गेमच इतका ओढत असेल की चार्जर पुरत नाही आणि बॅटरीला पण हातभार लावावा लागतोय, तर उलटा.

"म्हणजे एका गेममध्ये पण सारखा बदलत असेल?"

"बदलत असेल."

"भारी," म्हणाला आणि खाली बसला. खिशातून फोन काढून एकदा बघितला आणि मी बघतेय हे लक्षात आल्यावर परत ठेवला.